कोकणच्या दमट हवेत जुन्या पलंगाला आणि कपाटाला कमी खर्चात पॉलिश

कोकणात जुने लाकडी सामान मिळणे अवघड नाही. चिऱ्याचे घर पाडून त्या जागी स्लॅबचे घर बांधायला काढले, किंवा मुंबईला स्थिरावलेल्या कुटुंबाने गावचे घर रिकामे करायचे ठरवले, की सागाचा पलंग, फणसाच्या फळ्यांचे कपाट, आरशाचे टेबल अशा वस्तू माफक किमतीत निघतात. त्यांना येथील हवेत टिकेल असे रूप देणे मात्र अवघड असते. हात आखडता ठेवायचा असेल, तर चकाकीवर कमी आणि योग्य वस्तू निवडणे, ती पुरती वाळवणे आणि गंजलेले लोखंड बदलणे यांवर अधिक खर्च करावा, असे माझे मत आहे.

निवड करताना वस्तू उलटी करून पाहावी. समोरची बाजू विकणाऱ्याने पुसलेली असते, पण ड्रॉवरची मागची फळी आणि पायांची टोके खरी हकीकत सांगतात. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, किंवा टिचकी मारल्यावर लाकूड पोकळ वाजले, तर ती वाळवी आहे. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये. गोल बारीक छिद्रे दिसली तर ते भुंगेऱ्याचे काम असते. पायांखाली आठवडाभर काळा कागद पसरून ठेवावा. त्यावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड अजून जिवंत आहे, आणि न पडल्यास छिद्रे बहुधा जुनी आहेत. ही कीड मुख्यत्वे गाभ्याबाहेरच्या फिकट लाकडात शिरते, त्यामुळे सागाच्या फळीची एखादी कड पोखरलेली असली तरी गाभा शाबूत असू शकतो. आंब्याच्या लाकडाबाबत एवढी खात्री देता येत नाही. फळ्यांच्या आतल्या बाजूला गाळाची आडवी रेघ असेल तर ते सामान पुरात उभे होते असे समजावे. जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूण परिसरातील सामान घेताना ही रेघ मुद्दाम शोधावी. भिजलेले अस्सल लाकूड वाळवता येते, पण भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचे कपाट एकदा फुगले की पूर्ववत होत नाही.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिमग्यापर्यंतचे दिवस त्यासाठी सर्वांत चांगले. गणपतीपूर्वी घर सजावे ही इच्छा स्वाभाविक असली, तरी श्रावणातील हवेत लावलेले पॉलिश पांढुरके पडते आणि सुतारही त्या दिवसांत मिळत नाही. वस्तू खळ्यात कडक उन्हात टाकू नये, कारण फळ्या वाकतात आणि सांधे उकलतात. पडवीत, चारही बाजूंनी वारा लागेल अशी, विटांवर उचलून दोन-तीन आठवडे ठेवणे पुरेसे होते. कीड जिवंत असेल तर याच काळात 1 लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ते द्रावण उघड्या, पॉलिश नसलेल्या बाजूंना ब्रशने दोनदा लावावे आणि छिद्रांत सिरिंजने सोडावे. हे द्रावण मुलांपासून दूर ठेवावे. पाण्याने ते धुऊन निघते, म्हणून वाळल्यावर त्यावर पॉलिशचा थर हवाच.

जुने पॉलिश खरवडून काढायचे की नाही, हा निर्णय सर्वांत जास्त पैसे वाचवतो, आणि बहुतेक जण तो न तपासताच घेतात. आधी टर्पेंटाइनने भिजवलेल्या फडक्याने मळ आणि तेलाचा थर पुसावा. पलंगाच्या डोक्याकडील फळीवर वर्षानुवर्षांचे खोबरेल तेल बसलेले असते आणि ते राहिले तर वरचे कोणतेही पॉलिश धरत नाही. मग एका कोपऱ्यात स्पिरिटचा (पॉलिशसाठी मिळणाऱ्या मेथिलेटेड स्पिरिटचा) बोळा मिनिटभर दाबून धरावा. थर चिकट झाला तर ते चपडा लाखेचे जुने फ्रेंच पॉलिश आहे. असे पॉलिश खरवडायची गरज नसते, कारण नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते. 320 नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवून थेट नवे पॉलिश चढवता येते. स्पिरिटने काहीच झाले नाही, पण थिनरने थर मऊ पडला, तर ते लॅकर आहे. दोन्हींना दाद न देणारा थर ऑइल पेंटचा, मेलामाइनचा किंवा पीयूचा (पॉलियुरेथेन या कठीण, प्लास्टिकसारख्या पॉलिशचा) असू शकतो, आणि तो मात्र 80, 120 आणि 180 नंबरच्या पेपरने क्रमाने, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, घासावा लागतो.

जुना रंग घासताना एक काळजी आवश्यक आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग पाणी लावून ओलाच घासावा, तोंडाला मास्क बांधावा आणि लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या खिळ्यांभोवती लाकडावर काळे डाग पडतात, कारण लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांची अभिक्रिया होते. ते घासून जात नाहीत. खिळा काढून, लाकूड उघडे करून, 1 लिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून डागावर लावावे आणि उजळल्यावर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसावे. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि धुण्यापूर्वी त्या जागी पेपर मारू नये. नवे स्क्रू आणि बिजागऱ्या पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. येथे काटकसर करू नये, कारण साधे लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा तेच डाग पाडते. भेगा आणि छिद्रे त्याच लाकडाचा चाळलेला भुसा फेविकॉलमध्ये मळून भरावीत. मात्र फेविकॉल रंग शोषत नाही आणि भरलेली जागा थोडी वेगळी दिसते, म्हणून भरणे जेवढ्यास तेवढे ठेवावे.

आता पॉलिश. सर्वांत स्वस्त आणि घरी करण्याजोगे म्हणजे चपडा लाख. 1 लिटर स्पिरिटमध्ये 200 ग्रॅम चपडा काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात रात्रभर भिजवावा. लोखंडी डब्यात त्याचा रंग काळपट होतो. सकाळी तो कापडातून गाळावा. कापसाचा बोळा जुन्या मऊ सुती कापडात बांधून, तो किंचित ओलसर ठेवून, लांब आणि न थांबणाऱ्या हाताने पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर वाळू द्यावा आणि दोन-तीन थरांनंतर 320 नंबरचा पेपर अलगद फिरवावा. काम सकाळी दव वाळल्यावर सुरू करून दुपारी चारच्या आत थांबवावे. तरीही पांढुरकी झाक आली, तर कोरड्या दिवशी केवळ स्पिरिटच्या ओलसर बोळ्याने हलका हात फिरवल्यास ती बहुधा जाते. कपाटाच्या आणि ड्रॉवरच्या आतूनही लाखच लावावी, कारण ती जुना कुबट वास दाबते, तर तेल बंद जागेत महिनोन्महिने वास देत राहते.

लाख पाण्याला आणि घामाला तितकीशी टिकत नाही. म्हणून डोक्याकडील फळी आणि आरशाच्या टेबलाचा वरचा भाग यांना ऑइल बेस पीयूचे दोन थर द्यावेत, पण तेही जुनी लाख पूर्ण काढून, कारण साध्या चपड्यातील मेणावर पीयू नीट धरत नाही. कच्चे जवसाचे तेल टाळावे. दमट हवेत त्यावर बुरशी वाढते. गावात कोणीतरी काजूच्या टरफलाचे तेल सुचवेलच. होड्यांच्या लाकडाला ते उत्तम, पण त्वचेला भाजणारे असल्याने अंथरुणाजवळ त्याला जागा नाही. सनमायका लावलेल्या कपाटाला यांपैकी काहीच उपयोगाचे नाही. 220 नंबरने खरखरीत करून, प्रायमर मारून, रंग द्यावा.

अडकणारा ड्रॉवर पावसाळ्यात रंधू नये, कारण हिवाळ्यात तो ढिला पडतो. सरकणाऱ्या कडांवर मेणबत्ती घासून पाहावी. पायांच्या तळाला, जेथे लाकूड सर्वांत जास्त ओल ओढते, लाखेचे किंवा पीयूचे तीन थर द्यावेत आणि खाली रबराचे बूच बसवावे. पॉलिश झाल्यावर आठवडाभर गादी घालू नये, आणि कपाट चिऱ्याच्या भिंतीपासून किमान तीन इंच पुढे ठेवावे, म्हणजे मागून हवा खेळेल आणि पावसाळ्यात भिंतीची ओल मागच्या फळीत उतरणार नाही.