घरसभेत बाप्तिस्म्याचा अभ्यास: आधी वचन, मग शिकवण

घरसभेत, म्हणजे घरी जमणाऱ्या ख्रिस्ती गटात, बॅप्टिस्ट शिकवण (आधी विश्वास, मग पाण्यात बाप्तिस्मा) घ्यायची असेल, तर तत्त्वांच्या यादीपासून सुरुवात करू नका. बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक, उघडा. अध्याय १६ आहेत. आठवड्याला एक घेतला तर चार महिन्यांत होतात.

पहिल्या बैठकीत १:९-११ (अध्याय १, वचनं ९ ते ११: येशूचा बाप्तिस्मा) मोठ्याने दोनदा वाचा, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात. मग एकच प्रश्न: इथे कोण काय करतं? येशू पाण्यातून वर येतो, हे कुणीतरी टिपेलच. तेव्हा बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक घेऊन ८:२६-४० काढा. रथात बसून फिलिप्प कूश देशाच्या अधिकाऱ्याला आधी यशया संदेष्ट्याचा उतारा उलगडून सांगतो, मग तो आणि अधिकारी दोघंही पाण्यात उतरतात. ऐकणं, विश्वास, मग बाप्तिस्मा हा क्रम गटाला स्वतः सापडू द्या. पाळकांनी तो आधीच सांगितला की चर्चा तिथेच आटते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

गटात लहानपणीच बाप्तिस्मा झालेलं कुणी असेल, तर त्यांना आधी बोलू द्या, मध्ये तोडू नका. त्यांचे प्रश्न सगळ्यात खरे असतात. उत्तर त्याच दिवशी मिळायला हवं असं नाही. वहीत लिहा, पुढच्या बैठकीत तिथूनच सुरू करा.