मूलनिवासी तरुणांचे आरोग्य कार्यक्रमांविषयीचे म्हणणे कसे ऐकावे

ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरील तरुणांसाठी मधुमेह, मूत्रपिंडविकार किंवा हृदयविकार टाळण्याचा कार्यक्रम आखताना, आराखडा छापून झाल्यावर त्यांचे मत विचारण्यात अर्थ नाही. पैसा आणि वेळापत्रक ठरण्याआधीच त्यांच्याकडे जावे. आपल्यासाठीचे आरोग्य कार्यक्रम ठरवण्यात सक्रिय सहभागाचा मूलनिवासींचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या जाहीरनाम्यातील कलम 23 मध्ये नोंदवलेला आहे.

सुरुवात समाजाने स्वतः चालवलेल्या आरोग्य सेवेपासून करावी. अशी पहिली सेवा 1971 मध्ये सिडनीतील रेडफर्न येथे उभी राहिली आणि आता त्या देशभर आहेत. तरुणांची व गरजेनुसार पालकांची संमती कशी घ्यायची, मुलगे आणि मुली कोणत्या विषयांवर वेगळे बसतील, हे तेथील ज्येष्ठांना विचारावे. कोणाच्या मृत्यूमुळे समाज शोकात असेल तर बैठक पुढे ढकलावी आणि नवी तारीख त्यांच्याकडूनच घ्यावी.

प्रश्नावली हातात देण्यापेक्षा 'यार्निंग', म्हणजे गोल बसून निवांत बोलण्याची त्यांची स्वतःची रीत, अधिक उपयोगी पडते. आधी कोण कुठला, कोणाच्या घरातला, ही ओळख होऊ द्यावी आणि त्यात आपली ओळखही खरी सांगावी. आजाराचा विषय नंतर निघाला तरी चालते. "तू व्यायाम करतोस का?" असे विचारले की समोरचा तपासणी चालल्यासारखा आखडतो, "शाळा सुटल्यावर तुम्ही सगळे कुठे जमता?" असे विचारले की मैदान, दिवे, बस, दुकान, सगळे आपोआप पुढे येते. मध्ये शांतता पसरली तर ती भरून काढू नये, कारण पुष्कळदा महत्त्वाचे बोलणे तिच्यानंतरच येते.

आजाराचा अर्थही त्यांच्याच तोंडून ऐकावा. मध्य ऑस्ट्रेलियात डायलिसिससाठी अनेकांना आपली भूमी सोडून ॲलिस स्प्रिंग्जला राहावे लागले; सुमारे 500 किलोमीटर दूर असलेल्या किंटोरमध्ये ही सोय 2004 मध्ये झाली, तीही तेथील चित्रकारांच्या चित्रांच्या लिलावातून उभ्या राहिलेल्या पैशामुळे. ज्या मुलाची आजी अशी दूर गेली, त्याच्यासाठी मूत्रपिंडाचा आजार म्हणजे घरातील तिची रिकामी जागा असू शकते. त्याला साखरेच्या प्रमाणाचा तक्ता दाखवून कार्यक्रमाविषयी मत विचारणे मला तरी अन्यायाचे वाटते.

ध्वनिमुद्रण कोणाकडे राहील आणि ते कोण ऐकेल, हे आधीच सांगून लेखी ठरवावे. या माहितीवर समाजाचा अधिकार असतो. तरुणांना वेळेचे मानधन द्यावे. शेवटी निष्कर्षांचा कच्चा मसुदा घेऊन त्याच मंडळींकडे परत जावे, चुकीचे वाटेल ते त्यांना खोडू द्यावे आणि ज्या सूचना स्वीकारता आल्या नाहीत त्यांची कारणे तिथेच, त्यांच्यासमोर बसून सांगावीत.