फलाटावरची अक्षरं: जुन्या रेल्वे पाट्यांची मोजून-मापून नोंद कशी करावी

२०१८ साली एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. जुलै २०२४ मध्ये करी रोड, मरीन लाइन्स, चर्नी रोड, डॉकयार्ड रोड अशा मुंबईतल्या आणखी काही स्टेशनांची नावं बदलण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये अमृत भारत योजनेखाली देशातल्या ५०८ स्टेशनांच्या कामाची पायाभरणी झाली, त्यात महाराष्ट्रातली ४४ होती. नाव बदललं की पाटी उतरते, ते सगळ्यांना दिसतं. बाकीचं गुपचूप जातं: प्रतीक्षालयाच्या दारावरची इनॅमलची पाटी, बिडाच्या ब्रॅकेटवरची जुन्या रेल्वे कंपनीची आद्याक्षरं, आगीच्या बादल्यांवर पेंटरने हाताने काढलेली अक्षरं. रंगकामाच्या एका दिवसात हे सगळं पुसलं जातं.

प्रत्येक पाटी वाचवणं शक्य नाही. पण उद्या कुणाला तीच पाटी त्याच मापात, त्याच रंगात पुन्हा करायची झाली तर करता यावी, इतकी नेमकी नोंद दोन माणसं एका सकाळी करू शकतात. घाईत काढलेले मोबाइलचे चार फोटो म्हणजे अशी नोंद नव्हे. त्यात माप नसतं, रंग खरा नसतो आणि पाटी कुठल्या खांबावर होती हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

परवानगी आणि सुरक्षा

स्टेशन मास्तरांना आधी भेटा आणि विभागाच्या जनसंपर्क कार्यालयाला लेखी अर्ज द्या. काय मोजणार, कुठल्या फलाटावर, किती वाजता आणि बरोबर किती माणसं, एवढं त्यात असू द्या. अर्जाची पोच घेतलेली प्रत खिशात ठेवा. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने विचारलं की तीच कामाला येते. गर्दीच्या वेळी जाऊ नका. उपनगरी स्टेशनवर रविवारी सकाळी लवकर गेलेलं बरं.

रुळांवर उतरायचं नाही, कितीही चांगला कोन मिळत असला तरी. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि झटका बसायला तारेला हात लागावा लागत नाही. म्हणून पोलादी टेप, ॲल्युमिनियमची शिडी आणि लांब सेल्फी स्टिक घरी ठेवा. कापडी किंवा फायबरचा टेप वापरा. लेझर मीटर असेल तर त्याचा किरण गाडीच्या किंवा सिग्नलच्या दिशेने जाऊ देऊ नका. भंगारात निघालेली पाटीसुद्धा उचलून आणायची नाही. ती रेल्वेची मालमत्ता आहे आणि १९६६ चा रेल्वे मालमत्ता कायदा त्यासाठीच आहे. हवी असेल तर रीतसर मागा.

पाटी कशाची आहे ते आधी ओळखा

इनॅमलच्या पाटीत पोलादी पत्र्यावर काचेचा थर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजून बसवलेला असतो. टवका उडालेल्या जागी पाहा: कडा शिंपल्यासारखी गोलसर फुटलेली असते आणि रंगाखाली गडद काळसर-निळा पहिला थर दिसतो. अक्षराच्या कडेवरून नख फिरवलं तर बारीक पायरी लागते. ऑइलपेंटची पाटी अशी फुटत नाही, तिचे पापुद्रे निघतात. हाताने रंगवलेल्या पाटीवर तिरका उजेड टाकला की पेंटरने आखलेल्या पेन्सिलच्या किंवा दोरीच्या रेघा पुष्कळदा दिसतात. त्या रेघांचाही फोटो घ्या आणि त्यांच्यातलं अंतर मोजा, कारण अक्षराचं सगळं प्रमाण त्यांच्यावर बेतलेलं असतं. चिकटवलेल्या व्हिनाइलची कडा एकसारखी कापलेली असते. अशी पाटी नवी असली तरी नोंदवा, तीही जाणारच आहे.

फोटो

मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने जवळून काढलेल्या फोटोत कडेची अक्षरं ताणली जातात. २ मीटर रुंदीच्या पाटीसाठी ४ मीटर मागे जा आणि दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. कॅमेरा पाटीच्या मध्याच्या उंचीवर आणि पाटीला समांतर हवा. फलाटाच्या टोकाची मोठी पिवळी पाटी उंचावर असते, तिथे हे जमत नाही. अशा वेळी आणखी मागे जा, चारही कोपरे फोटोत येऊ द्या आणि तिरपेपणा नंतर दुरुस्त करा. कोपरा कापला गेला तर ती दुरुस्ती होत नाही.

बारकाव्याचा हिशेब सोपा आहे. ४००० पिक्सेल रुंद फोटोत २ मीटरची पाटी काठोकाठ बसवली तर एका पिक्सेलला अर्धा मिलिमीटर येतो. अक्षराची कड नीट काढायला एवढं लागतंच. पाटी याहून मोठी असेल तर तुकड्यातुकड्याने फोटो घ्या आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यावर एक तृतीयांश येऊ द्या.

इनॅमलवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं. चकाकी कमी करणारा पोलराइझर फिल्टर समोरासमोरच्या फोटोत उपयोगी पडत नाही, तो तिरक्या कोनातच काम करतो. त्याऐवजी ढगाळ दिवस निवडा, किंवा सोबत्याला कॅमेऱ्यामागे काळं कापड ताणून धरायला सांगा. बिडाच्या उठावदार अक्षरांना याच्या उलट उजेड हवा. एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, १० ते १५ अंशांवर टॉर्च धरा. मग दुसऱ्या बाजूने आणि वरून. रंगाच्या दहा थरांखाली बुजलेलं अक्षरही अशाने वाचता येतं.

प्रत्येक फोटोत मापपट्टी हवी. २०० मिलिमीटरची काळी-पांढरी पट्टी छापून पुठ्ठ्यावर चिकटवा, पण छापल्यावर स्टीलच्या फूटपट्टीने तपासा. प्रिंटर ‘पानात बसवा’ या पर्यायावर असेल तर २०० चे १९४ झालेले असतात आणि सगळी नोंद त्याच प्रमाणात चुकते. पट्टी अक्षरांच्याच पातळीत धरा. कॅमेरा २ मीटरवर असताना पट्टी ५ सेंटिमीटर पुढे आली तर अडीच टक्के फरक पडतो. म्हणजे ३०० मिलिमीटरचं अक्षर साडेसात मिलिमीटरने लहान मोजलं जातं.

मापं

फोटोवरून मापं काढता येतात म्हणून जागेवर मोजणं टाळू नका. निदान ही मापं वहीत लिहा: पाटीची लांबी-रुंदी, चौकटीची जाडी, खिळ्यांची किंवा बोल्टची जागा, जमिनीपासून खालच्या कडेची उंची. देवनागरी अक्षराची उंची शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या तळापर्यंत घ्या. वेलांटी, मात्रा आणि रफार वर किती जातात, उकार खाली किती येतो, ते वेगळं लिहा. शिरोरेषेची जाडी आणि कान्याची जाडी ही दोन्ही मापं हवीत. पेंटरचा हात ओळखू येतो तो याच गुणोत्तरातून.

मोजलेला आकडा १५२, २२९ किंवा ३०५ मिलिमीटरच्या आसपास आला तर शेजारी ६, ९, १२ इंच असं लिहा. जुनी पाटी इंचांत आखलेली असते. पुन्हा करताना १५० वर गोल केलं की ओळींमधलं अंतर बिघडतं आणि कुणालाच कळत नाही की पाटी ‘वेगळी’ का वाटते.

अक्षरवळण शब्दांतही नोंदवा. ल पाकळीचा आहे की हिंदी वळणाचा? श देठाचा आहे का? नावात ळ असेल तर हिंदीच्या ओळीत तो ठेवलाय की ल केलाय? महाराष्ट्रातल्या पाटीवर मराठी आणि हिंदी ओळी शेजारी असतात आणि पुष्कळदा एकच पेंटर दोन्ही लिहितो, त्यामुळे एका ओळीचं वळण दुसरीत शिरतं. पाटीच्या तळाशी लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंचीही तिच्या एककासकट उतरवून घ्या.

रंग

‘पिवळा’ एवढं लिहून काही कळत नाही. रंगांच्या दुकानात आयएस ५ या भारतीय मानकाचं शेडकार्ड मिळतं. ते पाटीवर टेकवून, सावलीत, दोघांनी स्वतंत्रपणे जुळवा. सोनेरी पिवळा ३५६ आणि लिंबू पिवळा ३५५ यांत उन्हात फरक करणं अवघड जातं, सावलीत सहज होतो. दर्शनी रंग उडालेला असतो, म्हणून चौकटीच्या आतली कड, बोल्टच्या वॉशरखालून डोकावणारी जागा आणि पाटीची मागची बाजू पाहा. तिथला क्रमांक मूळ रंगाच्या जास्त जवळ असतो. दोन्ही क्रमांक लिहा.

१ जून १९३० रोजी मुंबई-पुणे धावू लागलेल्या डेक्कन क्वीनच्या दोन गाड्या होत्या: एक रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्यांची, दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. हे आपल्याला ठाऊक आहे ते कुणीतरी शब्दांत लिहून ठेवलं म्हणून. कृष्णधवल फोटोवरून रुपेरी आणि फिकट पिवळा यांत फरक कसा करणार?

आपोआप गळून पडलेला पापुद्रा मिळाला तर तो जपा. ४००, ८०० आणि १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, एका कडेला उतरता घासला की झाडाच्या वाढीच्या वर्तुळांसारखे रंगाचे थर उलगडतात. कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असतं. मास्क आणि हातमोजे हवेतच. पाटीवर मात्र हा प्रयोग कधीही करू नका.

बिडाच्या आणि पोलादाच्या अक्षरांचा ठसा

ब्रॅकेट, बाकाचे पाय, खांबाचा पायथा आणि खांब म्हणून उभे केलेले जुने रूळ यांवरची अक्षरं कागदावर ठशाने घेता येतात. रुळाच्या उभ्या पोटावर कारखान्याचं नाव, वर्ष आणि वजनाचा आकडा उठवलेला असतो. ‘९० आर’ दिसलं तर तो यार्डाला ९० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण ४४.६ किलोचा रूळ. हे फक्त फलाटावरच्या खांबांवर करायचं, अंथरलेल्या रुळांवर कधीच नाही.

साधा झेरॉक्सचा कागद उठावाच्या कडेवर फाटतो. ४० ते ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) पातळ लेआउट पेपर घ्या, किंवा शिंप्याच्या दुकानात मिळणारं पातळ नॉन-वोव्हन कापड. खडबडीत बिडावर कापडच टिकतं. धूळ मऊ नायलॉन ब्रशने झाडा, तारेचा ब्रश नको. कागद कमी चिकटपणाच्या मास्किंग टेपने लावा. रंग सुटत असेल त्या जागी टेपही नको, सोबत्याने हाताने धरावा. आधी बोटाने दाबून अक्षरांच्या कडा उमटवा. मग जाड काळा मेणाचा खडू आडवा धरून मधून बाहेर, एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. दोन दिशांनी फिरवलं की कागद सरकतो आणि अक्षर दुहेरी येतं. एप्रिल-मे महिन्यांत नऊच्या आत आटपा. लोखंड तापलं की मेण पसरतं आणि ठसा चोपडतो.

पाटी स्वच्छ करून द्यायची विनंती झाली तर इनॅमलला पाणी, चार थेंब सौम्य लिक्विड साबण आणि सुती कापड पुरे. चिंच, लिंबू, ॲसिड यांतलं काहीही नको. पितळेला चकाकी आणणारी आंबट वस्तू इनॅमलची चकाकी मारते आणि टवक्यातून आत शिरून पत्रा गंजवते. टवके रंगाने भरू नका.

रेखाटन आणि जतन

घरी आल्यावर फोटोचे चार कोपरे मोजलेल्या मापांवर बसवा आणि एक एकक म्हणजे एक मिलिमीटर असं प्रमाण ठेवून अक्षरं रेखाटा. सॉफ्टवेअरचं आपोआप ट्रेसिंग वापरू नका. ते गंजाचा डाग आणि अक्षराची कड यांत फरक करत नाही. दोन ‘र’ सारखे नसतील तर दोन्ही वेगळे काढा. हाताचा थरथराट सपाट करणं आणि तुटलेल्या जागी आजचा फॉन्ट बसवणं, या दोन गोष्टींनी चांगल्या नोंदी वाया जातात. हरवलेला भाग तुटक रेषेनेच दाखवा, म्हणजे पुढच्याला कळेल की तो अंदाज आहे.

फाइलच्या नावात स्टेशनचा कोड, मग वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, मग वस्तूचा क्रमांक. सोबत एका कागदावर फलाटाचा आराखडा आणि त्यावर प्रत्येक वस्तूची जागा. ओव्हरहेड तारेच्या खांबांवर किलोमीटर आणि क्रमांक रंगवलेला असतो, त्याच्या आधाराने जागा सांगा. दुकानं आणि जिने बदलतात. फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

एक छापील संच स्टेशन मास्तरांना द्या. भायखळ्याच्या जुन्या स्टेशन इमारतीच्या जतनकामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. तसं काम तुमच्या स्टेशनवर निघालं तर पहिली विचारणा त्याच कार्यालयात होईल. नॅरोगेजची वस्तू असेल तर नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयाला कळवा. मूळ ठसे सपाट ठेवा, मध्ये आम्लरहित कागद घाला आणि गुंडाळी करू नका, मेण मागच्या बाजूला उतरतं. लॅमिनेशन तर नकोच. त्या उष्णतेने मेण वितळतं आणि ठसा कायमचा जातो.