हरणांनी ओरबाडला तरी पुन्हा फुटणारा चारा

रानातल्या जनावरांसाठी चाऱ्याचा तुकडा लावताना पिशवीवरचं हिरवंगार चित्र बघून मी बी घेत नाही. त्या झाडाचा वाढीचा कोंब कुठे असतो, ते आधी बघतो. चवळीचा कोंब शेंड्याला असतो. रोप लहान असताना हरणाने बीजपत्रांच्या (बीतून निघणाऱ्या पहिल्या पानांच्या) खालून खुडलं की ते संपलंच. छोट्या तुकड्यात चवळी तग धरत नाही ती यामुळेच. पांढऱ्या क्लोव्हरचं (हे द्विदल चारापीक) खोड जमिनीलगत पसरतं, चिकोरी या पालेदार चाऱ्याची पानं मातीला टेकलेल्या गड्ड्यातून येतात आणि राय (हे तृणधान्य, मोहरी नव्हे) गव्हासारखंच कांड्यावर येईपर्यंत कोंब खाली राखून असतं. वरून खाल्लं तरी खालून फुटवा येतो. म्हणून माझं मिश्रण या तिघांचं.

राय भराभर उगवून तण दाबतं, कडाक्याची थंडी सोसतं आणि हंगामापुरतं राहतं. क्लोव्हर हवेतलं नत्र बांधतं, पण मुळं उथळ असल्याने पाण्याचा ताण पडला की मान टाकतं. तेव्हा सोटमुळावर चिकोरी तग धरते.

माती परीक्षण टाळू नका. सामू (pH) 6 ते 7 असावा. कमी असेल तर कृषी चुना पेरणीच्या काही महिने आधी मिसळा, कारण तो सावकाश काम करतो.

एकरी राय 20 ते 25 किलो, क्लोव्हर 2 किलो, चिकोरी 1 किलो. तिन्ही एकत्र कालवून फोकू मात्र नका, बी वाया जातं ते इथेच. वाफशावर (माती फार ओली नाही, फार कोरडी नाही अशी असताना) आधी राय फोकून हलक्या कुळवाने दोन-तीन सेंटिमीटर मातीआड करा आणि रोलर फिरवा. चालताना टाच रुतत असेल तर जमीन अजून पोकळ आहे, पुन्हा दाबा. मग क्लोव्हर-चिकोरीचं बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून निम्मं उभं, निम्मं आडवं फोका आणि वर फक्त रोलर. हे बी 6 मिलिमीटरपेक्षा खोल गेलं तर फारसं वर येत नाही.

क्लोव्हरच्या बियाला पेरणीआधी त्याचंच रायझोबियम (मुळांत नत्र बांधणारे जिवाणू) चोळा, चवळीचं चालत नाही. चोळलेलं बी उन्हात ठेवू नका. क्लोव्हर जमल्यावर युरियाचा हात आवरा, नाहीतर गवतच माजेल.

पेरणी झाली की तुकड्यात तारेच्या जाळीचा मीटरभर रुंदीचा गोल पिंजरा रोवा. कितीही अनुभवी माणूस असो, नुसत्या नजरेने खाल्लेलं आणि न उगवलेलं यांत फसतो. पिंजऱ्यात दाट आणि बाहेर बोडकं दिसलं, तर जनावरांच्या मानाने तुकडा लहान पडतोय. आतबाहेर सारखंच विरळ असेल तर दोष मातीचा, पाण्याचा किंवा पेरणीचा. आतबाहेर सारखंच दाट असेल तर जनावरं अजून वळलेलीच नाहीत, थोडा धीर धरा.

चिकोरीने फुलाचा दांडा काढला की वीतभर उंची ठेवून कापा, खालून कोवळी पानं येतात. मात्र कोरड पडलेली असताना कापू नका.

जागा निवडताना आधीची कसलेली जमीनच घ्या; नैसर्गिक गवताळ माळ मोडून क्लोव्हर लावणं मला पटत नाही. रहदारीच्या रस्त्यापासून लांब राहा आणि वन्यजीवांसाठी चारा लावायला तुमच्या भागात परवानगी लागते का, हे बी आणण्याआधीच विचारा.