लष्करी डिझेल जनरेटर घेतलाय? या चुका टाळा

अमेरिकी लष्कराने विकायला काढलेला एमईपी मालिकेतला जनरेटर बंद पडला की लगेच पाना घेऊन इंजिन उघडू नका. ही यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. आधी कारण शोधा.

पहिली चूक खरेदीतच होते. एमईपी-८०३ए हा १० किलोवॉटचा सेट चार सिलिंडरच्या लिस्टर-पेटर इंजिनावर, मिनिटाला १८०० फेऱ्यांनी फिरतो आणि ६० हर्ट्झ देतो. त्याच्यासारखाच दिसणारा एमईपी-८१३ए मात्र ४०० हर्ट्झचा आहे. त्यावर साधी मोटार किंवा फ्रिज चालत नाही, आणि गव्हर्नर (इंजिनाचा वेग धरून ठेवणारा भाग) कितीही पिळला तरी तो ६० वर येणार नाही. पैसे मोजण्याआधी नेमप्लेट वाचा.

सगळ्यात जास्त गोंधळ मास्टर स्विचवर होतो. सेट सुरू करताना हा स्विच ‘स्टार्ट’वर हाताने धरून ठेवायचा असतो. इंजिन सुरू झालं की लोक सवयीने हात सोडतात. तेलाचा दाब अजून चढलेला नसतो, म्हणून संरक्षक सर्किट इंजिन बंद करतं. शिवाय फील्डला (वीज तयार करणाऱ्या भागातल्या चुंबकाच्या गुंडाळीला) सुरुवातीचा करंट याच ‘स्टार्ट’ स्थितीत मिळतो. हात लवकर सुटला तर इंजिन फिरतं, व्होल्टेज मात्र येत नाही. मग विनाकारण व्होल्टेज रेग्युलेटर बदलला जातो. वेग आला की सेल्फ (स्टार्टर मोटार) आपोआप सुटतो, त्यामुळे घाबरू नका. तेलाचा दाब २५ पीएसआयच्या वर, व्होल्टेज ठरलेल्या आकड्याजवळ आणि इंजिनाचा आवाज एकसारखा झाला, की मगच स्विच सोडा.

मीटरवर व्होल्टेज आहे, पण लोड टर्मिनलवर (जिथे बाहेरच्या वायरी जोडतात) वीज नाही? एसी सर्किट इंटरप्टर, म्हणजे बाहेर जाणारी वीज चालू-बंद करणारा स्विच, ‘क्लोज’कडे दाबून शेजारचा दिवा लागतो का ते बघा. कितीतरी ‘नादुरुस्त’ सेट इथेच बरे होतात.

सिस्टिम २४ व्होल्टची आहे, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. दोन्ही एकदमच बदला. एका बॅटरीवरून १२ व्होल्टचा दिवा वगैरे घेऊ नका. ती एकटी उतरते आणि जोडी बिघडते.

बराच काळ पडून असलेल्या सेटच्या टाकीच्या तळाचं डिझेल बाटलीत काढून उजेडात धरा. पाण्याचा थर खाली वेगळा दिसतो. टाकी साफ करा, फिल्टर बदला, लाइनमधली एअर काढा. हे न करता नुसता सेल्फ मारत राहिलात तर सेल्फ जळेल.

‘बॅटल शॉर्ट’ स्विचला हात लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. तो बहुतेक संरक्षणं बाजूला करतो. सेट वारंवार ट्रिप होतो म्हणून हा स्विच चालू ठेवला, तर तेल संपलं तरी इंजिन फिरत राहतं आणि बेअरिंग जाऊनच थांबतं.

आता लोड. १० किलोवॉटच्या सेटवर दोन दिवे आणि एक पंखा तासन्‌तास चालवले, तर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरच्या जोडातून काळं, तेलकट पाणी गळायला लागतं. पिस्टन रिंग गेल्या असं समजून इंजिन खोलू नका. आधी हीटर जोडून पाऊण लोडवर दोन-तीन तास चालवा. धूर हळूहळू स्वच्छ होतो. तरीही गळत राहिलं, तर मग कॉम्प्रेशन तपासा.

व्होल्टेज निवडायचा रिकनेक्शन स्विच सेट पूर्ण बंद असतानाच फिरवा. घराच्या वायरिंगला जोडायचं असेल तर ट्रान्सफर स्विच (घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरलाच जोडणारा) हवाच. तो नसेल तर तुमची वीज उलटी लाइनवर जाते, आणि तिथे खांबावर कुणीतरी काम करत असतं.