अमेरिकेतील कॉलेज हॉकीचे तिकीट : मराठवाड्यातून जाणाऱ्या प्रेक्षकासाठी

नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर श्री गुरु गोबिंदसिंघजी सुवर्ण व रजत चषकाचे सामने पाहत जे लहानाचे मोठे झाले, त्यांना हॉकीसाठी तिकिटाची तजवीज करावी लागते हेच मुळात नवे वाटते. जागा मिळेल तिथे बसावे आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत उठू नये, एवढीच आमची रीत होती. भाचा एम.एस.साठी अमेरिकेला गेला आणि त्याच्या कॉलेजचा आइस हॉकीचा संघ मोठा आहे असे कळले, तेव्हा मी त्याच समजुतीने निघालो. त्याने विद्यार्थ्यांच्या सवलतीत दोन तिकिटे काढून ठेवली होती. दारावर ओळखपत्र मागितले गेले, मला परत फिरावे लागले आणि मामाला बाहेर सोडून भाचाही आत गेला नाही. उणे १२ अंशांत आम्ही दोघे बसथांब्यावर उभे होतो. विद्यार्थ्याचे तिकीट त्या विद्यार्थ्यापुरतेच असते, आई-वडिलांना किंवा मामाला ते सहसा चालत नाही, ही या खेळाच्या तिकिटांतील पहिली गोष्ट मी अशी शिकलो. नांदेड, परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगर येथून पुष्कळ पालक आता हिवाळ्यात मुलांकडे जातात. त्यांच्यापैकी ज्यांना हॉकीची ओढ आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेत नुसते ‘हॉकी’ म्हटले की बर्फावरची हॉकी समजावी. प्रत्येक बाजूने गोलरक्षकासह ६ खेळाडू, २० मिनिटांचे तीन भाग आणि मध्ये दोन मध्यंतरे, असा तो खेळ आहे. आपल्या हॉकीला तिथे ‘फील्ड हॉकी’ म्हणतात आणि कॉलेजांच्या अधिकृत स्पर्धांत ती फक्त मुली खेळतात. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात कोणी तिकडे असेल, तर तो सामना अवश्य पाहावा, कारण त्यासाठी तिकिटाची धावपळ क्वचितच करावी लागते. बर्फावरच्या हॉकीचा हंगाम ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होऊन एप्रिलमध्ये संपतो. एनसीएए या कॉलेज क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साठाहून अधिक संघ आहेत. तिकिटांची चढाओढ मुख्यतः याच श्रेणीत असते. महिलांचे सामने आणि तिसऱ्या श्रेणीतील कॉलेजांचे सामने पुष्कळ ठिकाणी अगदी कमी पैशांत, काही ठिकाणी विनामूल्यही, पाहता येतात.

तिकीट मिळेल की नाही, हे खिशातील पैशांपेक्षा सामन्याच्या निवडीवर अवलंबून असते. बहुतेक साखळी सामने शुक्रवार-शनिवार अशा जोडीने होतात, म्हणजे तेच दोन संघ, तेच मैदान आणि लागोपाठ दोन रात्री. प्रवाशाला याहून सोयीची व्यवस्था सापडणार नाही, कारण एका रात्रीचे तिकीट हुकले तरी दुसरी रात्र हातात असते. शनिवारच्या मानाने शुक्रवारचे तिकीट बहुधा सहज मिळते, म्हणून दूरवरून जाणाऱ्याने शुक्रवारचे तिकीट पक्के करून मगच शनिवारची खटपट करावी. डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा पहिला आठवडा या काळात विद्यार्थी घरी गेलेले असतात. त्यांच्या राखीव जागा त्या दिवसांत अनेक ठिकाणी सर्वांसाठी खुल्या होतात. पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांचे सामने मात्र फार आधी भरतात. न्यूयॉर्क राज्यातील इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठाचे लायना रिंक हे बर्फाचे मैदान त्याचे ठळक उदाहरण आहे. १९५७ मध्ये उघडलेल्या या लहानशा सभागृहात जेमतेम सव्वाचार हजार माणसे बसतात आणि हार्वर्डविरुद्धच्या रात्री बाहेरच्या माणसाला तिथे तिकीट मिळणे जवळजवळ अशक्य असते. त्या सामन्यात कॉर्नेलचे प्रेक्षक बर्फावर मासे फेकतात, अशी तिथली जुनी प्रथा आहे. याउलट नॉर्थ डकोटा विद्यापीठाचे ग्रँड फोर्क्स येथील राल्फ एंगेलस्टॅड अरिना सुमारे साडेअकरा हजार आसनांचे आहे. तिथे चाहते कट्टर असले तरी साध्या शनिवारी एखाद-दुसरी जागा मिळण्याची आशा धरता येते.

आता मुख्य मुद्दा सांगतो, कारण माझ्या मते प्रवासी प्रेक्षकाचे निम्मे काम याने होते. सगळे जण यजमान कॉलेजच्या तिकीटविक्रीच्या पानावर जातात, ‘तिकिटे संपली’ असे वाचतात आणि परत फिरतात. परंतु पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी यजमानांनी तिकिटांचा काही वाटा बाजूला काढलेला असतो, आणि तो पुष्कळदा पाहुण्या कॉलेजच्या तिकीट कार्यालयातून किंवा त्यांच्या माजी विद्यार्थी संघटनेतून दिला जातो. तेव्हा आपला मुलगा किंवा भाची ज्या कॉलेजात शिकते, त्याच कॉलेजच्या कार्यालयाला पत्र पाठवावे आणि अमुक तारखेच्या परगावच्या सामन्याची तुमच्या वाट्याची तिकिटे बाहेरच्या व्यक्तीला मिळतात का, केव्हा मिळतात आणि किती मिळतात, असे सरळ विचारावे. ही चौकशी हंगामाच्या आधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरातच करून ठेवावी. त्या वाट्यातील न खपलेली तिकिटे सामन्याच्या काही दिवस आधी यजमानांकडे परत जातात आणि मग सर्वसाधारण विक्रीत दिसू लागतात. म्हणून ‘संपली’ असे दिसल्यावरही सामन्याच्या आठवड्यात ते पान रोज एकदा उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये. परगावी जाऊन पाहण्याची गंमतही वेगळीच असते. कॉर्नेलचे चाहते हार्वर्डच्या मैदानावर इतक्या संख्येने जातात की त्या मैदानाला ते ‘पूर्वेचे लायना’ म्हणतात. जो सामना इथाकात पाहायला मिळत नाही, तोच बॉस्टनमध्ये गाठण्याचा प्रयत्न त्यांच्या पद्धतीने आपणही करू शकतो.

एकेका सामन्याची तिकिटे हंगामी तिकिटांची विक्री आटोपल्यावर, साधारणपणे ऑगस्टनंतर, खुली होतात. विक्रीची तारीख आणि वेळ कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर आधी जाहीर होते. सकाळी १० वाजता तत्काळचे तिकीट काढणाऱ्या माणसाला वेगळे काही शिकवावे लागणार नाही. आधी लॉगिन करून ठेवावे, नावे आणि कार्डाची माहिती भरून ठेवावी आणि पाच मिनिटे आधी बसावे. घड्याळाचा हिशेब मात्र नीट करावा लागतो. बॉस्टन किंवा न्यूयॉर्कची सकाळची १० म्हणजे सप्टेंबरात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे मागे गेल्यानंतर रात्रीचे साडेआठ. मिनेसोटासारख्या मध्य भागातील राज्यांसाठी त्यात आणखी एक तास मिळवावा.

इथून पैसे भरताना अडचण येते ती बहुतेक वेळा कार्डाची. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमानुसार नवे कार्ड परदेशातील व्यवहारांसाठी आपोआप सुरू नसते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती सोय आपल्यालाच चालू करावी लागते आणि मर्यादाही ठरवावी लागते. शिवाय तिकडची काही संकेतस्थळे पाच अंकी झिप कोड मागतात आणि आपला सहा अंकी पिन कोड स्वीकारत नाहीत. अशा वेळी विक्रीच्या ऐन घाईत झगडत बसण्यापेक्षा तिकडच्या नातेवाइकाच्या खात्यातून तिकीट काढून घ्यावे आणि त्याला पैसे आठवणीने द्यावेत.

दुसऱ्याने विकायला काढलेली तिकिटे स्टबहब, सीटगीक, टिकेटमास्टर अशा संकेतस्थळांवर मिळतात, आणि तिथे जाण्यात गैर काही नाही. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत थेट कार्यक्रमांच्या तिकिटांची किंमत सर्व सक्तीच्या शुल्कांसह पहिल्यापासूनच दाखवावी, असा केंद्रीय नियम लागू झाला आहे. त्यामुळे दोन ठिकाणच्या किमतींची तुलना पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. साध्या सामन्याचे भाव सामन्याच्या दिवशी दुपारनंतर पुष्कळदा उतरतात. परंतु चारशे मैलांचा प्रवास करून जाणाऱ्याने त्या उतरणीच्या भरवशावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जो त्याच गावात राहतो, त्याने वाट पाहावी. समाजमाध्यमांवरील गटांत अनोळखी माणसाकडून तिकीट घेणे मात्र टाळावे. झेल (Zelle) या तिकडच्या बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या सोयीसारख्या माध्यमातून पाठवलेले पैसे परत मिळणे फार कठीण असते. शिवाय तिकिटाचे छायाचित्र किंवा स्क्रीनशॉट पाठवणारा मनुष्य तेच चित्र आणखी चौघांना पाठवू शकतो, आणि अनेक तिकिटांवरचा बारकोड ठरावीक काळाने बदलत असल्यामुळे असे चित्र दारावर चालतही नाही. तिकीट त्याच ॲपमधून ‘ट्रान्सफर’ करून घ्यावे आणि ते आपल्या खात्यात दिसल्याची खात्री करावी.

तिकीट आता फोनमध्येच असते, म्हणून फोनची काळजी तिकिटासारखीच घ्यावी लागते. कडाक्याच्या थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा फोन आतल्या खिशात ठेवावा आणि तिकीट घरून निघतानाच फोनच्या वॉलेटमध्ये जतन करावे. सगळ्यांची तिकिटे एकाच फोनवर असतील, तर सर्वांनी एकत्रच आत जावे. ज्या ज्येष्ठांकडे तिकडचा नंबर नाही, त्यांनी ‘विल कॉल’ची सोय आहे का हे कार्यालयाला विचारावे. या सोयीत पासपोर्ट दाखवून खिडकीवरून तिकीट घेता येते.

जागा निवडताना विद्यार्थ्यांच्या विभागाला लागून असलेल्या रांगा ज्येष्ठांनी टाळाव्यात. ती मुले सबंध सामना उभी राहतात, बँड वाजत असतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला मग ना बसता येते ना दिसते. बर्फाभोवतीच्या काचेला चिकटून असलेली पहिली रांग महाग असते, पण तिथून मैदानाचे दुसरे टोक दिसत नाही. १० ते १५ रांगा वर, मधल्या रेषेच्या आसपासची जागा मला सर्वांत चांगली वाटते. आपल्या हॉकीत जशी चेंडूआधी मोकळी जागा पाहायची सवय असते, तशी तिथून खेळाची रचना पाहता येते.

मोठ्या स्पर्धांचा हिशेब वेगळा असतो. बॉस्टनमध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या दोन सोमवारी बीनपॉट स्पर्धा होते. बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न ही शहर आणि परिसरातील चार कॉलेजे १९५२ पासून या चषकासाठी झुंजत आली आहेत. पुरुषांची स्पर्धा टीडी गार्डनमध्ये होते, एका संध्याकाळी एकामागून एक दोन सामने असतात आणि सभागृह मोठे असल्यामुळे बाहेरच्या प्रेक्षकालाही वाव असतो. न्यू जर्सीत मुलांकडे उतरणाऱ्यांसाठी त्याहून सोयीची संधी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिळते. तिथे २००७ पासून विषम वर्षांत कॉर्नेल आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी यांचा सामना होत आला आहे. ॲरिझोनात मुले असतील, तर टेंपी येथील मुलेट अरिना सुमारे पाच हजार आसनांचे आहे, ते २०२२ मध्ये सुरू झाले आणि बाहेर हिवाळाही सुखाचा असतो.

हंगामाच्या शेवटी १६ संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. तिच्या चार विभागीय फेऱ्यांची ठिकाणे कितीतरी आधी ठरलेली असतात, पण कोणते संघ कुठे जाणार हे मार्चअखेर केवळ काही दिवस आधी कळते. त्यामुळे चाहत्यांना लगेच निघता येत नाही आणि पुष्कळ खुर्च्या रिकाम्या राहतात. ज्याला संघापेक्षा खेळ प्रिय आहे, त्याने हीच फेरी गाठावी असे मी आग्रहाने सांगेन. अंतिम चार संघांची ‘फ्रोझन फोर’ मात्र आधीपासून विकली जाते. उपान्त्य सामने गुरुवारी आणि अंतिम सामना शनिवारी असतो. गुरुवारी हरलेल्या दोन संघांचे चाहते शनिवारची तिकिटे विकायला काढतात, म्हणून शुक्रवारी सकाळी अधिकृत पुनर्विक्रीच्या पानावर लक्ष ठेवावे. २०२५ मध्ये सेंट लुईसला वेस्टर्न मिशिगनने आपले पहिले विजेतेपद याच स्पर्धेत मिळवले.

दारावर पिशवीचे नियम कडक असतात. बऱ्याच ठिकाणी फक्त पारदर्शक पिशवी किंवा तळहाताएवढे पाकीट चालते आणि घरचा डबा आत नेता येत नाही. औषधे न्यायची असतील, तर नियम आधी वाचावेत. नांदेडचे जे मित्र कृपाण धारण करतात, त्यांनी त्या सभागृहाला काही दिवस आधी लिहून विचारावे आणि आलेले उत्तर फोनमध्ये ठेवावे. बाहेर बर्फ पडत असेल तर रस्ते बंद होतात, म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळचा नव्हे तर आदल्या दिवसाचा प्रवास ठरवावा. शिकागोहून ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या १९२३ मध्ये बांधलेल्या योस्ट या हॉकीच्या जुन्या इमारतीकडे, अ‍ॅमट्रॅकच्या रेल्वेने जाता येते, आणि आपल्या तपोवन एक्स्प्रेसची सवय असलेल्याला तो प्रवास लहानच वाटेल. आतही थंडी असते. स्वेटर अंगावर ठेवून, कानटोपी आणि हातमोजे खिशात ठेवावेत.

शुक्रवारचा सामना संपल्यावर लगेच बाहेर पडू नये. तिकीट खिडकी उघडी असेल तर शनिवारची परत आलेली तिकिटे आहेत का, हे विचारावे, आणि ती बंद असेल तर दुसऱ्या दिवशी खिडकी किती वाजता उघडते, हे तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून घ्यावे. पुढच्या हिवाळ्यात मी आणि भाचा अशाच एका खिडकीवर शनिवारी दुपारी उभे राहिलो. पाहुण्या संघाच्या वाट्यातून परत आलेली दोन तिकिटे शेजारीशेजारची निघाली, आणि या वेळी आम्ही दोघे एकाच दारातून आत गेलो.