जुनी आउटबोर्ड मोटर घरी सर्व्हिस करताय? या चुका टाळा

जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायची मोटर, सुरू होत नसली की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरच्या नीडलकडे, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या टोकदार स्क्रूकडे जातो. अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, आणि मग मूळ सेटिंग काय होतं तेच आठवत नाही. मुळात दोष बऱ्याचदा कॉइलमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणाऱ्या गुंडाळीत असतो. माझं ठाम मत आहे की कार्ब्युरेटरला सगळ्यात शेवटी हात लावावा. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब), मग स्पार्क, मग थंड करणारं पाणी, आणि हे तिन्ही ठीक असेल तरच पेट्रोल. खालचे बरेचसे आकडे 1950 आणि 60 च्या दशकातल्या जॉन्सन-एविन्रूड मोटरींचे आहेत, कारण जुन्यांमध्ये त्याच सर्वांत जास्त हाती लागतात. तुमची मोटर दुसरी असेल तर तिच्या मॅन्युअलमधले आकडे घ्या.

कॉम्प्रेशन न बघता खर्च करणं

कित्येक वर्षं पडून असलेल्या मोटरची दोरी एकदम ओढू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर राहू द्या आणि फ्लायव्हील (इंजिनच्या माथ्यावरचं जड चाक) हाताने हळू फिरवून बघा. मोकळी फिरली की दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजा. नेमका आकडा किती यापेक्षा दोन्ही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो साधारण दहा टक्क्यांच्या आत हवा. एक सिलिंडर बराच खाली असेल तर हेड गॅस्केट गेलं असेल किंवा रिंगा कार्बनमध्ये चिकटल्या असतील. ते सोडवल्याशिवाय नवे पॉइंट्स (ठिणगीची वेळ ठरवणारे, उघडझाप करणारे संपर्क) आणि नवा कार्ब्युरेटर किट घेण्यात अर्थ नाही.

प्लग बॉडीला टेकवून स्पार्क तपासणं

प्लगच्या टोकाशी एक मिलिमीटरही अंतर नसतं. उघड्या हवेत एवढं अंतर कमजोर कॉइलसुद्धा पार करते. तोच प्लग सिलिंडरमध्ये, दाबाखाली, मिसिंग मारतो. म्हणून गॅप बदलता येणारा स्पार्क टेस्टर वापरा. दोरी ओढल्यावर सुमारे 6 मिलिमीटरच्या गॅपवरून निळी, कडक ठिणगी उडाली पाहिजे, आणि दोन्ही सिलिंडरची सारखीच. ही तपासणी पेट्रोलच्या वाफेपासून दूर करा.

ठिणगी पिवळट किंवा अडखळत येत असेल तर फ्लायव्हील काढावी लागेल, आणि नुकसान होतं ते इथेच. तीन जबड्यांचा पुलर फ्लायव्हीलच्या कडेला लावू नका, कड वाकते. क्रँकशाफ्टच्या टोकावर हातोडा तर अजिबात नको. मधल्या भागात आट्यांची तीन भोकं असतात, त्यात बोल्ट बसवून ओढणारा पुलर लागतो. परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक स्वच्छ आणि कोरडं ठेवा. तिथे ग्रीस लावायचं नसतं. नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. नट सैल राहिला की फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी चावी कापली जाते आणि टायमिंग सरकतं.

फ्लायव्हीलखाली आधी कॉइल नीट बघा. त्या काळातल्या कॉइलचं आवरण ठिसूळ होऊन तडकतं, आणि भेग उघड दिसते. एक तडकली असेल तर दोन्ही बदला. पॉइंट्सचा गॅप 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पॉइंट्स सर्वांत जास्त उघडलेले असतानाच फीलर गेज (ठरावीक जाडीची धातूची पातळ पट्टी) घाला. पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, म्हणून दोन्ही सेट अगदी सारखे ठेवा. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: नव्या पॉइंट्सवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. अल्कोहोलमध्ये भिजवलेला स्वच्छ कागद दोन्ही टोकांमधून ओढून तो पुसून काढला नाही, तर सगळं नवं बसवूनही स्पार्क येत नाही.

जुना इम्पेलर ‘चांगला दिसतो’ म्हणून तसाच ठेवणं

इम्पेलर म्हणजे थंड करणारं पाणी वर ढकलणाऱ्या पंपातला रबरी पंखा. त्याचं रबर बाहेरून काळं, गुळगुळीत दिसतं, पण पाकळ्या एकाच बाजूला वाकून कायमच्या तशाच बसलेल्या असतात. जुनी मोटर घेतली की न विचारता इम्पेलर बदला. पाण्याशिवाय काही सेकंद चालवली तरी नवा इम्पेलरही जळतो, त्यामुळे ‘जरा सुरू होते का बघू’ म्हणून कोरडी चालवू नका.

पंप काढायला लोअर युनिट (मोटरचा खालचा, गिअर आणि प्रोपेलरचा भाग) उतरवावं लागतं, आणि त्याचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून बसलेले असतात. गंज सोडवणारं तेल, उष्णता आणि संयम, याच क्रमाने जा. मात्र उष्णता देण्याआधी ते तेल पूर्ण पुसा आणि पेट्रोल दूर ठेवा. पाना जोरात मारला तर डोकं तुटून हातात येतं आणि बाकीचा दिवस ड्रिल करण्यात जातो. नवा इम्पेलर बसवताना ड्राइव्हशाफ्ट (इंजिनापासून खाली जाणारा उभा दांडा) वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरवत पंपाचं झाकण खाली सरकवा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. शाफ्टच्या वरच्या दातांच्या बाजूंना ग्रीस लावा, पण माथ्यावर नको. तिथे साठलेलं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही.

गिअर ऑइल वरून ओतणं

गिअर ऑइल खालच्या भोकातून भरतात, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा आणि नंतर खालचा, दोन्हींना नवे वॉशर. वरून ओतलं तर आत हवा अडकते. निघालेलं तेल दुधासारखं असेल तर सील गेलं आहे.

जॉन्सन-एविन्रूडच्या अनेक लोअर युनिटवर ड्रेन स्क्रूजवळच फुलीच्या खाचेचा एक स्क्रू असतो. तो तेलाचा नव्हे. आतला गिअर बदलणारा दांडा त्याच्यावर टेकलेला असतो. तो काढलात तर दांडा आत निसटतो आणि लोअर युनिट उघडण्यावाचून पर्याय राहत नाही. तेलाच्या स्क्रूला साधी सरळ खाच असते.

मिळेल ते तेल, अंदाजाने

बुश बेअरिंगच्या (क्रँकशाफ्ट साध्या धातूच्या नळीत फिरणाऱ्या) जुन्या मोटरींना पेट्रोल आणि तेलाचं 24:1 मिश्रण लागतं, म्हणजे लिटरमागे साधारण 42 मिलिलिटर तेल. नीडल बेअरिंग (बारीक रोलरचं बेअरिंग) आल्यानंतरच्या बऱ्याच मोटरींना 50:1, म्हणजे लिटरमागे 20 मिलिलिटर पुरतं. बुशच्या मोटरला 50:1 दिलं तर बुश झिजून क्रँकशाफ्ट जाते. तेल टीसी-डब्ल्यू3 (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचा दर्जा) दर्जाचं घ्या. हवेने थंड होणाऱ्या दुचाकींचं टू-टी तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं नसतं.

जुन्या दाबाच्या टाकीला दोन नळ्यांचा होस असतो: एकीतून इंजिन टाकीत हवा ढकलतं, दुसरीतून पेट्रोल येतं. मोटर सुरू होऊन मिनिटाभरात बंद पडत असेल तर आधी टाकीच्या झाकणाची आणि होसची गळती बघा. गळकी टाकी वापरूच नका, आत दाबाखाली पेट्रोल आहे.

आणि मग कार्ब्युरेटर

आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, जुना कॉर्कचा असेल तर त्यावरचं लाखेचं आवरण तपासा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ते खातं, मग कॉर्क पेट्रोल पितो, बुडतो आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. नीडल बंद करताना टेकली की थांबा. आवळली तर टोकावर गोल खाच पडते आणि त्यानंतर सेटिंग कधीच नेमकं लागत नाही. सुरुवातीला स्लो नीडल दीड फेरा आणि हाय-स्पीड नीडल पाऊण ते एक फेरा उघडा. काही मॉडेलमध्ये हाय-स्पीडला ठरावीक जेट (न बदलणारं छिद्र) असतो, तिथे फक्त स्लो नीडल उरते.

खरं ट्यूनिंग बोटीवर, इंजिन गरम झाल्यावर आणि लोडखालीच होतं. एका वेळी अष्टमांश फेरा, मग पंधरा-वीस सेकंद थांबा. कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज येत असेल तर मिश्रण पातळ आहे, लगेच थोडं उघडा, कारण पातळ मिश्रणावर पूर्ण वेगाने चालवलं की पिस्टन धरतो. अडखळत, जड धूर सोडत चालली तर मिश्रण दाट आहे.

पाण्याच्या पिंपात चालवायची असेल तर प्रोपेलर काढा, पाण्याची पातळी पंपाच्या वर ठेवा आणि वेग वाढवू नका. लोड नसताना इंजिन बेफाम पळतं. जागा उघडी हवी. जुन्या अनेक मोटरींना पाण्याची धार दाखवणारं छिद्र नसतं, मोटरच्या पायाच्या (पाण्यात उतरणाऱ्या भागाच्या) मागच्या भोकांतून धुराबरोबर पाण्याचे तुषार येतात. हेडवर पाण्याचा थेंब टाका. तो चर्रकन उडाला तर लगेच बंद करा आणि पुन्हा पंपाकडे जा.

इंजिन जोरात पळतंय पण बोट हलत नाही, तर शिअर पिन (धक्का बसला की तुटून गिअर वाचवणारी प्रोपेलरची पिन) तुटली आहे किंवा प्रोपेलरच्या आतलं रबर सुटून घसरतंय. ओळखायला प्रोपेलरच्या पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर एक सरळ रेघ मारून चालवा. रेघ तुटलेली दिसली तर रबर गेलं. पिन तुटली असेल तर त्याच मापाची, त्याच धातूची पिन घाला आणि एक-दोन जादा बोटीत ठेवा. खिळा ठोकू नका. पंखा दगडावर आपटला की खिळा तुटणार नाही, गिअरचे दात तुटतील.